खून ऐकलेला टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. वजन सोळा किलो, अंगावर लाकडी पेटी आणि पेटीचा उजवा कोपरा पार फुटलेला. येणारा-जाणारा विचारतो, "हा पडला होता का हो कधी?" मी पडलो नाही. मला मारलं. पंचाहत्तर वर्षांच्या एका म्हाताऱ्याने भर पंगतीत, शंभर माणसांसमोर, मला काठीने बडवलं. का बडवलं तेच आज सांगणार आहे. गोष्ट रक्ताची आहे, हे आधीच बजावून ठेवतो. ज्याला झेपणार नाही त्याने खुशाल पान उलटावं.

माझा जन्म कोपनहेगनमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. ज्या बाईने माझ्या तारा जोडल्या तिने मला पहिल्यांदा सुरू केलं आणि माईकमध्ये म्हणाली, "एक, दोन, तीन, माझ्या नवऱ्याचं नाक केवढं मोठं!" मी ते जसंच्या तसं ऐकवलं. सगळा कारखाना खो-खो हसला. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच हसण्या-खिदळण्यात जाणार. कसलं काय!

मला विकत घेतलं ते बोलीभाषांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने. तिथले आक्सेल थोर्निंग नावाचे साहेब माझे धनी झाले. उंच, काटकुळे, गळ्यात ठिपक्यांचा बो-टाय. माणूस वाईट नव्हता, अगदी शपथेवर सांगतो. रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसायचे आणि म्हणायचे, "हा माझा उजवा कान आहे." त्यांना एकच ध्यास होता. खेड्यापाड्यांतली म्हातारी माणसं मरायच्या आत त्यांची बोली फितीवर पकडून ठेवायची. मला गाडीत घालून ते डेन्मार्कचा सगळा जटलंड प्रांत पालथा घालायचे.

आता तुम्हाला वाटेल, खेड्यातली म्हातारी माणसं म्हणजे गाणी, गोष्टी, गंमतजंमत. छे! माझ्या फितीवर जे आलं ते ऐकाल तर जेवण जाणार नाही. साहेबांना डुकराच्या एकेका अवयवाचं गावठी नाव हवं होतं, म्हणून त्यांनी मला कापायच्या जागेपासून दोन हातांवर ठेवलं. ते जनावर असं किंचाळलं की माझा आवाज मोजणारा काटा पार टोकाला जाऊन अडकला, आणि गरम रक्ताचे शिंतोडे माझ्या झाकणावर उडाले. एक म्हातारी सांगत होती की बापाने लगाम उगारून तिच्या कानशिलावर मारला, कान फुटला, ती तेव्हा नऊ वर्षांची होती. साहेब पुढे वाकले. मला वाटलं, आता विचारतील, मग काय झालं? ते म्हणाले, "छान! आणि लगामाच्या त्या लोखंडी कडीला तुमच्याकडे काय म्हणतात?"

म्हातारीने कडीचं नाव सांगितलं. साहेबांनी ते टिपून घेतलं. मी मात्र त्या दिवशी मनातल्या मनात त्यांना पहिली शिवी दिली.

एकोणीसशे बावन्नच्या ऑक्टोबरात आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हेस्टरकेर गावात गेलो. गावातला सगळ्यात मोठा शेतकरी होता लाउस्ट नोरगोर. चर्चच्या मंडळात पुढच्या खुर्चीवर बसणारा, एकोणसत्तर वर्षांचा, हाताचे पंजे फावड्याएवढे. सुनेने कॉफी आणून ठेवली आणि ती गाईंचं बघायला गेली. खोलीत आम्ही तिघंच उरलो.

लाउस्टने माझ्याकडे संशयाने बघितलं. "ह्याच्यात मी काय बोलू, मास्तर?"

"काहीही बोला," साहेब म्हणाले. "खरं बोला, खोटं बोला. तुम्ही काय सांगता त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही. कसं सांगता तेवढंच मला हवंय. आणि ही फीत कोपनहेगनला कपाटात जाईल. गावात कुणाच्या कानावर एक अक्षर जाणार नाही, हा आमचा शब्द असतो."

"म्हणजे काहीही?"

"अगदी काहीही. धान्य झोडण्याबद्दल सांगा ना. जुन्या पद्धतीने झोडायचात ते."

कॉफीत साखरेचा खडा बुडवून लाउस्टने तो दाताखाली फोडला. आणि मग त्याने सुरुवात केली.

"ऐका तर. अकरा सालचा ऑक्टोबर. विलाड्स म्हणून गडी होता माझ्याकडे, चोवीस वर्षांचा. कोठारातल्या खळ्यात आम्ही दोघंच झोडत होतो. आमच्याकडे गड्याने मालक बदलायचा तो एक नोव्हेंबरला, त्याआधी जागचं हलायचं नाही. ह्या बेट्याला पंधरा दिवस आधीच जायचं होतं. म्हणे, 'मालक, बहिणीला घटसर्प झालाय, निरोप आलाय, मला जाऊ द्या.' मी म्हटलं, एक तारखेला जा. तो म्हणाला, 'तोवर ती मरेल.' मी म्हटलं, मग मातीला जा. त्याने दांडका खाली टाकला आणि मला पाठ दाखवून चालायला लागला. मला! पाठ! माझ्या हातात माझा दांडका होताच. हाणला डोक्यात. अंडं फुटावं तसा आवाज आला. तरी लेकाचा मरेना. गुडघ्यांवर दाराकडे सरपटायला लागला. 'मला सिडसेलकडे जाऊ द्या, मला सिडसेलकडे जाऊ द्या.' तेवढंच चाललेलं तोंडाने. मग मी हाणतच राहिलो. तो उंबऱ्यापर्यंत पोचला होता."

मित्रांनो, माझी रिळं फिरत होती, मला थांबता येत नव्हतं. तुम्ही कानांवर हात तरी ठेवू शकता. मला तीही सोय नाही.

"दलदलीत टाकला त्याला. टाकायच्या आधी माझ्या आईचे चांदीचे सहा चमचे त्याच्या खिशात कोंबले आणि गावभर बोंब ठोकली, गडी चमचे घेऊन अमेरिकेला पळाला. सगळ्यांनी मानलं."

लाउस्ट थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता. तो साहेबांच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याच्याइतका घाबरलेला माणूस मी कधी पाहिला नाही.

साहेब डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होते. त्या किनाऱ्यावरची बोली म्हणजे तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखी. अर्धी त्यांना कळत नव्हती, आणि उरलेल्या अर्धीचा ते नुसता सूर ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"वा! काय अस्सल सूर आहे! आता मला सांगा, तो जो झोडायचा दांडका, त्याच्या टोकाला वादीने बांधलेला जड सोटा असतो ना, त्याला तुम्ही काय म्हणता?"

लाउस्ट बघतच राहिला. मग तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता टेबलावर मूठ आपटली. "लई शिकलेले आहात हो मास्तर तुम्ही!" त्याने सोट्याचं नाव सांगितलं. साहेबांनी वहीत लिहिलं: 'सांगणारा उत्तम. उच्चार स्वच्छ. दात शाबूत.'

मग सहा वर्षं ती फीत कपाटात पडून राहिली. मला नवीन भाऊबंद आले, हलके, चकचकीत. साहेबांचा उजवा कान कोपऱ्यात धूळ खात बसला. शेवटी संस्थेने ठरवलं की सगळ्या जुन्या फिती कागदावर उतरवायच्या, आणि व्हेस्टरकेरची बोली कळणारं कोपनहेगनात कुत्रंसुद्धा नव्हतं. साहेबांनी गावातल्या पोस्टात काम करणाऱ्या एर्ना नावाच्या बाईला ते काम दिलं. फितींसोबत मलाही आगगाडीने तिच्याकडे धाडलं. माझं वय झालं तरी वाजवायला मी चांगला होतो.

एर्ना तिशीची, अविवाहित, कामाला वाघ. घरात ती आणि तिची आई. आईचं नाव सिडसेल.

हो, मित्रांनो. तीच सिडसेल. घटसर्पातून ती वाचली होती. आता त्रेसष्ट वर्षांची होती आणि गावातल्या लग्नाकार्यांत स्वयंपाकाला जायची. तिच्यासारखं रस्सेदार सूप त्या किनाऱ्यावर कुणाला जमत नसे. लोक ओरपून प्यायचे आणि म्हणायचे, "वाईट नाही." जटलंडी माणूस यापुढे कौतुक करत नाही. पण प्रत्येक पंगतीनंतर घरची बाई तिच्या देखत चांदीचे चमचे मोजायची. सत्तेचाळीस वर्षं मोजत होते मेले. चोराची बहीण ना ती! दीर हसायचे, जावा हसायच्या, शाळेत एर्नालाही 'चमचेवाली' म्हणून चिडवायचे.

पण सिडसेलबाईंचं दुःख चमच्यांचं नव्हतंच. एकदा बटाटे सोलता सोलता त्या एर्नाला म्हणाल्या, "चोरी केली असेल तर केली गं. गरीब होता. पण मी तिकडे मरत पडले होते, गळा बंद झाला होता, आणि मी सारखी दाराकडे बघत होते. निरोप पोचला होता त्याला. तरी तो आला नाही. जाताना तोंड दाखवायलासुद्धा आला नाही."

एर्नाने तिच्या हातातला बटाटा घेऊन पुढे सोलायला सुरुवात केली.

आणि मग एका दुपारी, पोस्ट बंद करून आल्यावर, एर्नाने ती फीत माझ्यावर चढवली. आई बाहेर अंगणात कोबी काढत होती. एर्ना लिहीत होती. 'मग मातीला जा' इथे तिची पेन्सिल थांबली. तिने फीत मागे नेली. पुन्हा ऐकली. चार वेळा ऐकली.

आईला तिने काही सांगितलं नाही. आणि गावात सांगून तरी उपयोग काय? चोराच्या भाचीचं कोण ऐकणार? तिने साहेबांना तार केली. साहेब बुधवारी आगगाडीने आले. एर्नाने त्यांना खुर्चीत बसवलं आणि एकेक वाक्य थांबवून, शुद्ध भाषेत, समजावून सांगितलं. त्या दिवशी थोर्निंगसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी फीत ऐकली.

"मी तिथेच बसलो होतो," ते म्हणाले. "मी त्याला सोट्याचं नाव विचारलं."

"ते मला ऐकू आलं," एर्ना म्हणाली. "आता ही फीत पोलिसांना द्या."

साहेब म्हणाले, "नाही देता येणार. आम्ही शब्द देतो प्रत्येकाला. हे बाहेर गेलं तर देशातलं एकही म्हातारं माणूस आमच्याशी बोलणार नाही. तीस वर्षांचं काम बुडेल."

"आणि माझा मामा दलदलीत बुडालाय, त्याचं काय?"

"एर्नाबाई, मला समजतंय हो, पण..."

"काही समजत नाही तुम्हाला! तुम्हाला तेव्हाही समजलं नव्हतं!"

साहेब खाली मान घालून उठले. सोमवारी संस्थेची गाडी येऊन मला आणि फिती घेऊन जाईल, एवढं बोलून गेले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. पण राग जास्त आला.

शनिवारी लाउस्टचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. गावच्या सभागृहावर झेंडा चढला, शंभरावर पानं मांडली, आणि सूप करायला अर्थातच सिडसेलबाईंना बोलावलं होतं. पहाटेपासून त्या आतल्या स्वयंपाकघरात राबत होत्या. दुपारी बाराच्या सुमारास एर्नाने मला पोस्टाच्या सायकलीवर दोरीने बांधलं आणि सभागृहात आणलं. लेकींनी लाउस्टवर रचलेलं गाणं छापील कागद हातात धरून सगळ्यांनी नुकतंच म्हटलं होतं. हुर्रे हुर्रे झालं होतं. मला टेबलावर ठेवताच लोक टाळ्या पिटायला लागले.

"अरे, पोस्टातल्या बाईने गंमत आणली बघा!"

"लाउस्टचा आवाज भरलाय म्हणे ह्यात! लावा, लावा!"

लाउस्ट मात्र मला ओळखून पांढराफटक पडला. "ते बंद कर," तो म्हणाला. पण पंगतीच्या गलक्यात कुणी ऐकतंय होय! एर्नाने बटण दाबलं.

'ऐका तर. अकरा सालचा ऑक्टोबर.' लोक हसले. 'विलाड्स म्हणून गडी होता माझ्याकडे.' हसू कमी झालं. 'मग मातीला जा.' आता एकही चमचा वाजत नव्हता. इथे दुभाष्याची गरज नव्हती. त्या सभागृहातल्या प्रत्येक माणसाला एकेक अक्षर कळत होतं. 'हाणला डोक्यात. अंडं फुटावं तसा...'

पहिली काठी माझ्या कोपऱ्यावर बसली. लाकूड तडकलं. दुसरी झाकणावर. लाउस्ट तोंडातून फेस गाळत मला बडवत होता, आणि मला खरं सांगायचं तर त्या वेळी मला कळलं, उंबऱ्यापर्यंत सरपटणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल. एर्ना माझ्यावर आडवी पडली. लाउस्टच्या मुलाने तिचे केस धरून तिला ओढलं आणि टेबलाच्या कडेवर तिचं डोकं आपटलं. ताटल्या फुटल्या, कपाळ फुटलं, पांढऱ्या चादरीवर रक्त पसरलं. एक बाई किंचाळली. शंभर माणसं, आणि एकजण उठला नाही! तिसरा घाव माझ्या मोटारीवर बसला आणि माझी रिळं थांबली.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. दाराला लागूनच सूप वाढायची खिडकी होती. माझी रिळं थांबेपर्यंतचं सगळं सिडसेलबाईंनी ऐकलं होतं. त्यांच्या हातात सुपाचा उकळता टोप होता. त्या धावल्या नाहीत. सावकाश चालत आल्या, आणि लाउस्टने चौथ्यांदा काठी उगारली तेव्हा तो टोप त्यांनी त्याच्या हातावर उलटा केला.

तो जो ओरडला, तो आवाज माझ्या कुठल्याही फितीवर नाही, पण मी विसरलेलो नाही. काठी गळून पडली. फावड्याएवढा पंजा लालबुंद झाला, कातडी सुटली. मुलाने एर्नाला सोडलं आणि बापाकडे धावला.

"चोराची बहीण!" लाउस्ट केकाटत होता. "बघता काय, धरा हिला!"

कुणीही त्यांना हात लावला नाही. लोहार उठून दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आता इथून कुणी बाहेर जायचं नाही. लाउस्ट, तू तर मुळीच नाही. पोलिसांना फोन करा रे कुणीतरी."

सिडसेलबाई एर्नाच्या कपाळाला एप्रनचा कोपरा दाबून धरत होत्या. एर्ना कशीबशी म्हणाली, "आई, पुढे आहे अजून. तू पुढचं ऐक."

"मेलं ना ते यंत्र."

मी मेलो नव्हतो! मोटार गेली होती, पण आवाज मोठा करणारे माझ्या पोटातले दिवे जळत होते. एर्नाने रक्ताळलेलं बोट रिळावर ठेवलं आणि हाताने फिरवायला लागली. मी जीव एकवटला. आवाज घोगरा, ओढलेला, कुठे जलद कुठे सावकाश. पण शब्द निघाले. 'गुडघ्यांवर दाराकडे सरपटायला लागला. मला सिडसेलकडे जाऊ द्या. मला सिडसेलकडे जाऊ द्या.'

सिडसेलबाई खाली बसल्या. फरशीवर, सांडलेल्या सुपात.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

एर्नाने रीळ मागे फिरवलं. मी परत म्हटलं.

"परत."

पोलीस येईपर्यंत किती वेळा म्हटलं मी मोजलं नाही. मध्येच केव्हातरी त्या हंबरडा फोडून म्हणाल्या, "येत होता गं! माझ्याकडे येत होता तो!" आणि छाती पिटून पिटून रडल्या. सत्तेचाळीस वर्षांचं ते रडणं होतं. आसपास चमचे विखुरले होते, पण त्या दिवशी कुणी ते मोजले नाहीत.

लाउस्ट खटला उभा राहायच्या आत, जानेवारीत, तुरुंगाच्या दवाखान्यात मेला. मरण्याआधी त्याने दाखवलेल्या जागी दलदल खणली तेव्हा विलाड्स सापडला, खिशात सहा चमचे. दलदल काही कुजू देत नाही, त्यामुळे कवटीवरचे घाव मोजता आले. मोठे डॉक्टर आले. असे घाव अभ्यासाला मिळत नाहीत म्हणाले, देह काही वर्षं आमच्याकडे ठेवू का? सिडसेलबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "सत्तेचाळीस वर्षं अडकून पडलाय तो," त्या म्हणाल्या. "आता एक दिवस जास्त नाही."

थोर्निंगसाहेब मातीला आले होते. मागे उभे होते, हातात वही नव्हती. नंतर घरी कॉफीला आले. मला परत न्यायचं त्यांनी नावही काढलं नाही, मी एर्नाच्या खिडकीपाशीच राहिलो. पोलिसांना फीत द्यायला संस्थेने परवानगी दिली ती त्यांनी राजीनाम्याची धमकी दिली तेव्हा, हे मला एर्नाकडून कळलं. त्यानंतर काही म्हाताऱ्यांनी खरंच संस्थेला दारात उभं केलं नाही. साहेबांचं ते म्हणणं खोटं नव्हतं.

सिडसेलबाई कॉफी ओतता ओतता सांगायला लागल्या. लहानपणी विलाड्सने त्यांना पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होता, मध्यावर त्याचा पाय घसरला... साहेबांचा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. तो तिथेच थांबला. त्यांनी हात बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि विचारलं, "मग पुढे काय झालं?"

मित्रांनो, मला पुसू नका, माझा कोपरा दुरुस्त करू नका, मी आहे तसा बरा आहे. पण तुमच्यासमोर कुणी बोलायला लागलं, त्याची बोली कितीही गोड असो नाहीतर वेडीवाकडी असो, तर नुसती मान डोलवू नका. एवढंच विचारा. पुढे काय झालं, ते विचारा, आणि मग उत्तर संपेपर्यंत जागचे उठू नका.